पत्र्याच्या बासरीची गळती

वस्तीत त्यांना सगळे गळतीकाका म्हणत. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ठिबकणारे नळ, पाझरणाऱ्या मोऱ्या आणि रडणाऱ्या टाक्या गप्प केल्या, त्याला दुसरं काय म्हणणार? कुठं काही झिरपताना दिसलं की त्यांचा हात आपसूक हत्यारांच्या पिशवीकडे जाई. एकदा बायको टीव्हीवरची मालिका बघून डोळे पुसत होती, तर हे तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, "कुठून येतंय?"

तर अशा माणसाच्या पोटी बासरी वाजवणारा मुलगा जन्माला आला. बासरी म्हणजे तरी काय, पत्र्याची नळी, सहा भोकं आणि फुंकायला वर हिरवं प्लास्टिकचं तोंड. आई तिला बासरी म्हणायची. गळतीकाका पिपाणी म्हणायचे. मुलगा काहीच म्हणायचा नाही, वाजवायचा. रोज संध्याकाळी कामावरून आला की हातपाय धुऊन खिडकीत बसायचा आणि एक ठरावीक धून वाजवायचा. ती त्यानं कुठून उचलली होती देव जाणे. शिकवायला कुणी नव्हतं. बापाच्या हाताखाली तो नळाचं काम मात्र रीतसर शिकत होता, आणि ते त्याला येत नव्हतं.

भांडण झालं ते टाकीवरून. काम साधं होतं. एका इमारतीच्या गच्चीवर नवी टाकी बसवली होती. पहिल्यांदा भरताना वर उभं राहायचं आणि पाणी काठाला आलं की खाली हाक मारायची, बस. मुलगा वर उभा राहिला. पाणी काठाला आलं, काठावरून गेलं, जिना उतरलं, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या दाराखालून आत शिरलं आणि त्यांच्या गाद्यांची विचारपूस करून आलं, तरी वरून हाक नाही. वरून धून येत होती.

जिन्यात सगळी इमारत जमली. मुलगा ओलाचिंब होऊन खाली आला, आणि गळतीकाका चारचौघांत म्हणाले, "ह्याला जन्माला घालण्याऐवजी एक टाकी घातली असती तर बरं झालं असतं. टाकी निदान कधीतरी भरते."

सगळा जिना हसला. ज्यांच्या गाद्या भिजल्या होत्या त्या बाईसुद्धा हसल्या. विनोद चांगला होता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर लोक विसरले असते.

त्याच आठवड्यात मुलगा एका गोदामात खोकी बांधायच्या कामाला लागला आणि गोदामाजवळच खोली घेऊन राहायला गेला. जाताना बासरी फळीवर ठेवून म्हणाला, "ही इथंच राहू दे. आता घर गप्प राहील."

घर गप्प राहिलं. गळतीकाकांना वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. पहिली संध्याकाळ बरी गेली. मग संध्याकाळ झाली की ते उगाच उठून घरातले नळ तपासायला लागले.

बायको आठवड्यातून एकदा डबा घेऊन मुलाकडे जायची. परत आली की हे पेपर वाचत असल्यासारखं करून विचारायचे, "खोली कशी आहे?"

"आहे आपली. मोरीतला नळ ठिबकतो."

गळतीकाकांच्या हातातला पेपर खाली आला. "रात्रंदिवस?"

"रात्रंदिवस. मी म्हटलं त्याला, बाबांना पाठवते. तर म्हणाला, राहू दे, सोबत होते."

 पेपर पुन्हा वर गेला. तो उलटा होता, पण बायकोनं दाखवलं नाही.

मग एक दिवस ती आली ती चप्पलही न काढता दारातच बसली. "पुढच्या महिन्यात येतोय. पहिल्या रविवारी."

"राहायला?"

"ट्रंक न्यायला. पांघरुणं, पुस्तकं, सगळंच नेतो म्हणाला." तिनं चप्पल काढून बाजूला ठेवली. "अहो, एकदा ट्रंक गेली की मुलगा गेला. मग तो येईल तो पाहुणा म्हणून येईल. काय बोलायचं ते त्याच्याशी त्या दिवशी बोला."

काय बोलायचं ते गळतीकाकांना ठाऊक होतं. 'माझं चुकलं', दोनच शब्द. पण हे शब्द त्यांच्या तोंडाला कधी लागलेच नव्हते. त्यांच्या धंद्यात चूक ही कधीच नळवाल्याची नसते, ती आधीच्या नळवाल्याची असते. आणि मुलाच्या बाबतीत आधीचा नळवाला कुठून आणायचा?

विचार करकरून त्यांनी एक तोड काढली. बोलायचंच नाही. ती धून वाजवायची. मुलगा आला की फळीवरची बासरी काढायची आणि त्याची धून त्याला वाजवून दाखवायची. बाकीचं तो समजून घेईल. पोरगं नळाच्या कामात मठ्ठ होतं, पण एरवी नव्हतं.

शिकवणार कोण? कुणाला विचारायची सोय नव्हती. ज्या माणसानं पिपाणीपायी पोरगा घराबाहेर घालवला, त्यानंच पिपाणीचा मास्तर शोधायचा म्हणजे वस्तीला वर्षभराची करमणूक. मग बासरी पिशवीत घालून त्यांनी वस्तीचं पंपघर गाठलं. त्याची किल्ली त्यांच्याकडेच असायची. पहिल्या दिवशी त्यांनी नवा पाइप तपासतात तशी छातीतली सगळी हवा एकदम सोडली. जी किंकाळी निघाली ती ऐकून पंपामागे व्यालेल्या मांजरीनं एकेक पिल्लू तोंडात धरून बिऱ्हाड हलवलं. जाताना तिनं काकांकडे असं बघितलं की त्यांना गाद्या भिजलेल्या शिक्षिकाबाई आठवल्या.

पण बोटांनी मात्र त्यांना चकित केलं. बोटांना धून येत होती! रोज संध्याकाळी समोर बसून, कपाळाला आठ्या घालून, हा कारटा कधी थांबतो म्हणून ते मुलाच्या बोटांकडेच बघत बसायचे. तेवढ्यानंच बोटं कधी उठतात, कधी पडतात, सगळं डोळ्यांत जाऊन बसलं होतं. वैतागून ऐकलेलं इतकं पाठ होतं हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. पंपघरात एकटेच उभे राहून त्यांनी हे पहिल्यांदा ओळखलं तेव्हा त्यांना आनंद झाला नाही.  इतकं जर आपण ऐकत होतो, तर त्याला कधी तसं सांगितलं का नाही?

महिनाभरात धून ओळखू येण्याइतपत झाली. म्हणजे त्यांना ओळखू येत होती. खालचे सूर घोगरे का होईना यायचे. वरच्या सुरावर गेलं की मात्र बासरी फाटायची, कधी किंचाळायची, कधी नुसतीच फुसफुसायची. शिकवणारा असता तर म्हणाला असता, बाबा रे, हळू फुंक. पण शिकवणारा नव्हता. आणि गळतीकाका गळतीकाका होते. मुलगा यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हवा गळतेय.

त्यांनी रीतसर तपासणी केली. साबणाचा फेस केला, बासरीला सगळीकडे लावला, सहाही भोकं आणि खालचं तोंड बोटांनी दाबलं आणि फुंकलं. फुंकायच्या तोंडाच्या जरा खाली एक चौकोनी खाच होती. तिथं बुडबुड्यांचं मोहोळ उठलं.

"सापडलीस," गळतीकाका म्हणाले.

पोरगं इतकी वर्षं फुटकी पिपाणी वाजवत होतं आणि बापाला एका शब्दानं बोललं नाही, ह्याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी पिशवीतून दोन रंगांची पुट्टी काढली. एकत्र मळली की तासाभरात दगड होते ती. अंगठ्यानं खाच नीट बुजवली, ओल्या बोटानं वरून गुळगुळीत केली. काम इतकं सफाईदार झालं होतं की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. पुट्टी वाळल्यावर फुंकलं.

आवाज नाही. घोगरा नाही, फाटका नाही, काहीच नाही. नळीतून वारा गेला आणि खालून बाहेर पडला.

त्यांनी पुन्हा फुंकलं. मग बासरी उलटीसुलटी करून पाहिली, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की त्या खाचेतून हवा गळत नव्हती. त्या खाचेतूनच बासरी बोलत होती.

हॅक्सॉ करवतीच्या पात्याचा तुकडा घेऊन त्यांनी खरवडायला सुरुवात केली. पुट्टी हलेना, उलट हिरव्या प्लास्टिकवर ओरखडे उठायला लागले. घाबरून थांबले आणि हार्डवेअरवाल्या मित्राकडे गेले. त्यानं बासरी उजेडात धरली आणि दाद दिली.

"पुट्टी एक नंबर लावलीस. पिढ्यान्पिढ्या निघायची नाही."

"काढायची कशी ते सांग."

"काढतोस कशाला? नवी आण. खेळण्यांच्या दुकानात ढिगानं मिळतात. पोराला काय कळतंय?"

"त्याला नळ कळत नाहीत," गळतीकाका म्हणाले. "ही कळते. त्याच्या दातांच्या खुणा आहेत हिच्यावर."

मित्रानं बासरी परत दिली आणि न हसता म्हणाला, "पण लेका, त्याला काय वाटेल सांगू? बापाला आवाज नको होता, म्हणून बापानं तिचं तोंड बुजवलं."

हेच गळतीकाकांच्या मनात मघापासून होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते पक्कं झालं.

रविवारी मुलगा आला. वाळला होता, हाताला खोक्यांच्या पट्ट्यांचे वळ होते. आईनं जेवायला वाढू का विचारलं. "नको, खाऊन आलोय," म्हणाला, म्हणजे पाहुणाच झाला होता. त्यानं ट्रंक ओढली, पांघरुणं भरली, पुस्तकं भरली. आई स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत राहिली. गळतीकाका खुर्चीत, हात गुडघ्यांवर. शेवटी मुलाचा हात फळीकडे गेला.

त्यानं बासरी ओठांना लावली. सवयीनं, विचार न करता. वारा गेला. त्यानं ती डोळ्यांसमोर धरली, अंगठा खाचेवरून फिरवला.

"हे कुणी केलं?"

"मी," गळतीकाका म्हणाले. "गळत होती."

मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबा, मी गेलोच होतो ना," तो म्हणाला. "घर गप्प झालंच होतं. मग हिचं तोंड कशाला बुजवलंत?"

"तसं नाही रे. वरचे सूर फाटत होते. म्हणून तपासली, तर इथून हवा..."

"तुम्हाला काय माहीत वरचे सूर फाटत होते ते?"

आता सगळं येऊन ठेपलं ते इथं. खरं सांगायचं तर ते खोट्याहून हास्यास्पद होतं. गळतीकाकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हात पुढे केला. मुलानं बासरी दिली नाही. हात तसाच राहिला, आणि मग कशी कोण जाणे, बासरी त्या हातात आली.

त्यांनी ती ओठांना लावली आणि वाजवायला लागले. आवाज नव्हता. जुन्या पाइपातून वारा जावा तशी नुसती हुस्स हुस्स. पण बोटं उठत होती, पडत होती. जाडजूड, भेगाळलेली बोटं, एकेक सूर अदबीनं उघडत आणि झाकत होती. डोळे मिटलेले. बघायचं धाडस नव्हतं.

भांड्यांचा आवाज थांबला. बाहेर इतकी शांतता का, हे दोघं एकमेकांच्या उरावर बसले की काय, म्हणून आई दारात आली आणि तिथंच उभी राहिली. नवरा मुकी बासरी वाजवतोय आणि मुलगा ती कान देऊन ऐकतोय.

धून संपली. गळतीकाकांनी बासरी मांडीवर ठेवली आणि डोळे उघडले ते जमिनीकडेच.

"पंपघरात शिकलो," ते म्हणाले. मग पुट्टीवरून अंगठा फिरवत, "त्या दिवशी टाकीचं बोललो ते... लोक हसले."

"चांगलं होतं ते," मुलगा म्हणाला. "मीही हसलो असतो. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर."

"माझं चुकलं." शब्द बाहेर पडले ते गंजलेल्या नळातून पहिलं पाणी पडतं तसे, तांबडे, अडखळत.

मुलानं ट्रंकेचं झाकण लावलं, कडी घातली. जेवायला थांबला नाही. ट्रंकही घेऊनच गेला, त्यात काही बदल झाला नाही. पण दारात ट्रंक खाली ठेवून तो वळला.

"मधलं बोट लवकर उठतं तुमचं. ती ओळ दोनदा येते, दोन्ही वेळा एकाच जागी."

"असेल."

"आणि जोरात फुंकता. म्हणून फाटते." त्यानं जिन्याकडे बघितलं. "पुट्टी मी काढीन. गोदामात बारीक पाती असतात, पुढच्या वेळी घेऊन येतो. तोवर तुम्ही तिला हात लावू नका."

गळतीकाकांना त्यांच्या धंद्यात असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले.