दृष्टीनाथांचा आरसा

१९९०च्या सुमाराला मंगळवारी लाखांदूरकडून येणारी एसटी तलावाच्या पाळीवर अर्धीअधिक रिकामी व्हायची. उतरायच्या त्या बहुतेक बायाच. पाळीजवळच्या मठाच्या न्हाणीघरात आंघोळ करायची, तिथंच देवीच्या आरशासमोर उभं राहायचं आणि ओलेत्यानं दर्शनाला बसायचं. मग दृष्टीनाथ महाराज डोळे मिटून सांगायचे, कोणाच्या मांडीवर जन्मखुणेचं लासं आहे, कोणाच्या पोटावर भाजल्याचा डाग.

"मायमाऊल्यांनो, या डोळ्यांले लुगडं आडवं येत नाही!" महाराज गर्जायचे. ते मात्र अक्षरशः खरं होतं.

सुलोचनाबाई त्यांची पहिली भक्तीण. न्हाणीघर बांधायच्या आधीच महाराजांनी तिच्या छातीखालचा तीळ नेमका सांगितला होता. ती तिथंच रडली होती. तेव्हापासून मूल नसलेल्या, सासरी गांजलेल्या बाया ती गावोगावाहून आणायची. नवरा गोपीचंद मठाचा कारभारी झाला, याचाही तिला अभिमान होता.

शाळेतल्या पार्वताबाई मास्तरीण एकदा तिला म्हणाल्या, "सुलोचनाबाई, हे देवाले दिसते का माणसाले, पाहू तरी. तुमच्या पाठीवर काजळाचा तीळ काढतो. देव काही फसन नाही."

"काढा! तुमचंच तोंड काळं होईन," सुलोचनाबाई तणतणली.

पुढच्या मंगळवारी पार्वताबाईंनी तेलात खललेल्या काजळाचा ठिपका काढला, पाण्यानं न जाणारा. सुलोचनाबाईनं श्रद्धेनं आंघोळ केली आणि दर्शनाला बसली. गोपीचंद लगबगीनं आला, महाराजांच्या कानाशी वाकला, गेला.

"सुलोचने! पाठीवर, उजव्या बाजूला काळा तीळ. जन्मापासूनचा! कालिकेचं बोट लागलं तुले!"

जयजयकार झाला. ती वाट पाहत राहिली. आता तरी महाराज म्हणतील, हा तीळ खोटा आहे. महाराज दुसऱ्या बाईकडे वळले.

"महाराज," ती उठून म्हणाली. "हा तीळ आज सकाळचा आहे."

पार्वताबाईंनी पदराचं टोक तिच्या पाठीवरून फिरवलं आणि काळं झालेलं टोक सगळ्यांसमोर धरलं.

म्हणजे आंघोळीच्या वेळीच कोणीतरी पाहिलं होतं. बाया न्हाणीघरात घुसल्या. आरसा उतरवला. काचेवर रंगवलेल्या फुलांच्या मधोमध, मागचा पाऱ्याचा मुलामा दोन बोटं खरवडलेला होता. त्यामागं भिंतीला भोक, भोकापलीकडे अंधारी कोठी. न्हाणीघरात छपराच्या कवेलूंच्या फटीतून उजेड, कोठीत काळोख. म्हणून आतल्या बाईला पलीकडचं काही दिसत नसे. कोठीत स्टुलावर एक कॅमेरा होता. त्याशेजारी गोपीचंद उभा होता.

"तुमी?" तिनं विचारलं. "पण माहा तीळ? तवा तर न्हाणीघरही नव्हतं."

गोपीचंदनं मान खाली घातली. "तो मीच सांगतला होता."

नवऱ्याखेरीज तो तीळ कोणाला ठाऊक होता? इतका साधा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता, कारण उत्तरात तिचा माणूस होता.

पोलीस ठाण्यात हवालदारानं विचारलं, "अंगाले हात लावला का कोणाच्या?"

"नाही."

"मंग? बाईच्या अब्रूचं एक कलम आहे, शिक्षा किरकोळ. चोरून पाह्याचं, चोरून फोटू काढाचं वेगळं कलमच नाही, बाई. ते कॅमेऱ्यातलं रीळ इथं ठेवा. धुऊन पाहा लागन, काय काय आहे ते."

दोन शिपाई हळूच जवळ सरकले. सुलोचनाबाईनं त्यांचे डोळे पाहिले, रीळ उचललं, अंगणात गेली आणि सगळी फिल्म उन्हात ओढून काढली.

"अवो, पुरावा गेला न!"

"पुरावा मी आहो. लिवा, मी सांगतो ते."

माहेरी जाण्याआधी, जिथून जिथून बाया नेल्या होत्या त्या त्या घरी ती गेली. काहींनी दार लावून घेतलं. पंचफुला म्हणाली, "तूच नेलतं मले."

"हो, मीच नेलं," सुलोचनाबाई म्हणाली. "मले फसवलं, अन् मी तुले. पण आता एक ध्यानात ठेव. तुह्या अंगावरचं परक्या माणसाले माहीत असन, तर एक तं त्यानं पाह्यलं, नाही तं कोणी सांगतलं. तिसरं काही नसते. हात जोडायच्या आधी इचार, याले हे कसं कळलं? अन् चोरून पाहणाऱ्यासाठी कायदा नसन, तर तो करा म्हणून बोंबल. लाज आपली नाही, पंचफुला. त्याईची आहे."