वहीतली कोरी ओळ

दिएपने पान उलटलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काका, ही वही लिहिली कुणी?"

व्हिएतनाममधल्या नाम दिन्हकडच्या त्या गावात पणजोबांच्या श्राद्धाला सगळं घराणं जमलं होतं. वरच्या चटईवर पुरुष, खालच्या चटईवर बायका-पोरं. वंशाची वही थोरल्या ख्वातकाकांच्या ताब्यात असे. 'घरातली एखादी परंपरा नीट वाचून समजून घ्या,' असा शाळेतून अभ्यास आला, म्हणून कधी नव्हे ती त्यांनी बारा वर्षांच्या दिएपच्या हातात दिली होती.

"माझ्या वडिलांनी," काका म्हणाले. "अमेरिकन बाँबने जुनी जळाली, तेव्हा नवी लिहिली. दुसरं कोण लिहिणार?"

"बाई म्हणतात, वाचताना विचारा, सांगणारा कोण? त्याला हे कसं कळलं? आणि काय सांगितलेलं नाही?"

"मोठी शहाणी! आधी जेव."

गप्प बसेल तर ती दिएप कसली!

"प्रत्येक नावापुढे तिथी आहे, आणि आवडीचं जेवणही. 'बांबूच्या कोंबांचं सूप, मिरं कमी.' 'मासा तांबूस होईपर्यंत आटवावा.' काका, आजोबा कधी चुलीपाशी गेले होते?"

खालच्या चटईवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि आजोबांच्या नावाखाली एक ओळ कोरी आहे. अख्ख्या वहीत दुसरीकडे कुठेच नाही."

"मुलींची नावं वहीत नसतात. लग्न करून जातात त्या."

"आणि जी गेलीच नाही, तिचं काय?"

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. लुआआजी भाताचं पातेलं घेऊन उभी होती. आजोबांची धाकटी बहीण, पंचाहत्तरीची, बिनलग्नाची. घराण्यातलं एकूण एक श्राद्ध तिनेच रांधलं होतं, तेही वही न बघता.

"आत्या, तू लिहिलीस?" काकांचा आवाज खाली आला.

"तुझा बाप लढाईवर होता. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. जेवणाचं तेवढं माझं मी घातलं." तिने पातेलं खाली ठेवलं. "ओळ मुद्दाम सोडली. म्हटलं, वाचणारं कुणी निघालं तर विचारील. पन्नास वर्षं नुसती उदबत्ती ओवाळताय मेल्यांनो!"

दिएपने पेनाचं टोपण काढलं.

"खबरदार!" काका ओरडले. तोवर नाव लिहून झालं होतं.

"आजी, आवडीचं काय लिहू?"

"मला नको विचारू. त्यांना विचार."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी जावेकडे.

"मासा?" कुणीतरी चाचरत म्हणालं.

"मासा बाबांना आवडायचा," आजी म्हणाली. बोलावण्याची, परवानगीची वाट न बघता ती वरच्या चटईवर, अगदी मधोमध जाऊन बसली. "आज वाढा कुणीतरी."

शेवटी ख्वातकाकाच उठले. त्यांनी तिच्या वाडग्यात भात घातला. मग सूप की मासा ते न कळून हातात पळी धरून उभे राहिले.