शिकताना आढळलेले मूल

आमच्या शाळेत तपासणी असली की सहा मुलं क्षेत्रभेटीला जातात. हजेरीपटावर तसं लिहिलेलं असतं, लाल शाईनं, सुवाच्य अक्षरात. क्षेत्र म्हणजे जिन्याखालची खेळाच्या सामानाची खोली. सकाळी मुलांना तिथे मावशींच्या ताब्यात द्यायचं आणि तपासनिसांची गाडी फाटकाबाहेर पडली की परत आणायचं. कोणती सहा, ते मोठ्या बाई ठरवतात. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शाळा त्यांच्या मालकीची आहे आणि शाळेतला शेवटचा शब्दही.

यंदाच्या सहांत माझी मुलगी होती. ती चौथीत, माझ्याच वर्गात. वर्षभर घसा कोरडा केला तरी तिच्या डोक्यात भागाकार काही शिरला नव्हता. यादी आली तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. खोटं कशाला बोलू, मीच तिचा हात धरून तिला खोलीपर्यंत सोडून आले. सहा वर्षं मला दर वर्षी तात्पुरत्या नेमणुकीचं नवं पत्र मिळतं. या वेळी मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "'उत्तम' शेरा मिळाला तर संध्याकाळी कायमचं पत्र. नाही मिळाला तर पुढच्या वर्षी पत्राची वाट बघत बसू नका."

तयारी महिनाभर चालली होती. वर्षाचं पुस्तक आम्ही तपासणीआधीच संपवून पाठ करून घेतलं होतं, अनुक्रमणिका आणि छापखान्याच्या पत्त्यासकट. प्रश्न कोणताही येवो, सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर आठवलं नाही तर 'पर्यावरण' म्हणायचं. ही मोठ्या बाईंची युक्ती. कुठल्याही प्रश्नाचं निम्मं उत्तर तेच असतं, असं त्यांचं म्हणणं.

तपासनीस साडेदहाला आले. बुटके, स्वच्छ गृहस्थ. बसायची गादी घरून आणलेली. त्यांच्या तक्त्यात एकशेबारा रकाने होते आणि प्रत्येक रकाना ते आधी पेन्सिलीनं भरत, मग त्यावरून पेन फिरवत. पहिले त्र्याहत्तर रकाने सुरळीत पार पडले. त्यांनी वाळूच्या बादल्या मोजल्या, फळ्याची उंची मोजली. स्वच्छतागृहाची कडी आतून लावून पाहिली तेव्हा ती अडकली आणि ते दहा मिनिटं आतच राहिले. आम्ही बाहेर थरथरत उभ्या. शेवटी ते बाहेर आले, घाम पुसला आणि लिहिलं, "कडी मजबूत."

मग ते माझ्या वर्गात आले आणि रकाना चौऱ्याहत्तर वाचला. "शिकताना आढळलेले मूल. किमान एक."

"सगळीच शिकतात की," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तसं नाही. अभ्यासक्रमातलं काहीतरी मुलाला येत नाही हे मी पाहणार. मग ते त्याला आलेलं पाहणार. दोन्ही माझ्यासमोर."

"आणि असं मूल नाही आढळलं तर?"

"तर इथे शिक्षण चालतं असं म्हणता येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "मग बाकीचे रकाने रद्द. कडीसुद्धा."

त्यांनी गादी मागच्या बाकावर ठेवली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. चौतीस हात वर. नद्या आल्या, गुणाकार आले, विरुद्धार्थी शब्द आले. पुढच्या सहामाहीचे धडे विचारले, तेही धाडधाड आले. तपासनिसांचा चेहरा पडत चालला. शेवटी वैतागून त्यांनी विचारलं, "माझ्या आजीचं नाव काय?"

चौतीस हात वर. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "पर्यावरण, सर."

"हे येत नाही!" मोठ्या बाई आनंदानं ओरडल्या. "सांगा ना, सर, शिकवून टाका!"

"शिकवलं असतं," तपासनीस खिन्नपणे म्हणाले, "पण आजी अभ्यासक्रमात नाही."

मोठ्या बाईंनी पहिल्या नंबरच्या मुलाला हळूच कानात सांगितलं, की बाळा, येत नाही असं म्हण. महिनाभर ज्याला उलटं शिकवलं त्याला हे कसं जमावं? त्यानं भोकाड पसरलं. "मला येतं! मला सगळं येतं!" त्याला गप्प करण्यासाठी त्याच्याकडून सतराचा पाढा म्हणून घ्यावा लागला.

मोठ्या बाईंनी मला दाराबाहेर ओढलं. "काहीच येत नाही असं एकही मूल नाही का हो शाळेत?"

"आहेत ना. सहा. तुम्हीच कोंडलीत."

"मग तुमचीच आणा. ती हमखास."

हमखास! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पाय मुकाट्यानं जिन्याकडे वळले, हेही तितकंच खरं. खोलीचं दार उघडलं तर सहाही जणं जुन्या चटयांवर खोक्यांच्या गराड्यात बसलेली. माझी लेक उडी मारून उठली. "आई, ऐक ना, मला एक सांगायचंय—"

"नंतर. आणि शाळेत बाई म्हणायचं," मी म्हटलं आणि तिला ओढतच घेऊन आले.

तपासनीस तिला पाहून खुलले. त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलं, सत्त्याऐंशी भागिले सहा. "येतं का, बाळ?"

मोठ्या बाई नकारार्थी मान हलवत होत्या. मीही हलवत होते की काय, कुणास ठाऊक.

लेकीनं खडू घेतला. पाठमोरी उभी राहून ओठ हलवत तिनं एकेक पायरी मांडली. उत्तर चौदा, बाकी तीन. खाली दोन रेघाही ओढल्या.

"बरोबर," तपासनीस निराश होऊन म्हणाले. "कधी शिकलीस?"

"आत्ता, सकाळी. मावशी म्हणाल्या, रिकामं बसू नका, जुने चेंडू सहा खोक्यांत भरा, सगळ्यांत सारखे. पहिल्यांदा भांडणं झाली. मग आम्ही एका फेरीत प्रत्येक खोक्यात एकेक, असे टाकले. बारा फेऱ्या झाल्या आणि दोन उरले. मग मला एकदम कळलं, बाई रोज फळ्यावर हेच करतात."

वर्षभर मी जे करत होते ते तिला कळलं, तेही मी तिला खोलीत टाकल्यावर.

"हे कुठे झालं?"

"क्षेत्रभेटीत," मोठ्या बाई चटकन म्हणाल्या.

"पण मी तिथे नव्हतो," तपासनीस म्हणाले. "न पाहिलेलं शिक्षण मला लिहिता येत नाही." त्यांनी पेन्सिलीचं टोक तपासलं. त्यांनाही बिचाऱ्यांना तक्ता पुरा करायचा होता. "एक मार्ग आहे. वर्गशिक्षिकेनं लिहून द्यावं की मुलीला भागाकार येत नाही, उत्तर अंदाजानं आलं. मग तुम्ही माझ्यासमोर पुन्हा शिकवा, ती शिकेल, मी पाहीन."

"देतील की!" मोठ्या बाईंनी माझ्या हातात पेन दिलं. "सही करा, बाई. संध्याकाळी पत्र तयारच आहे."

कागदावर मजकूर तपासनिसांनीच सुंदर अक्षरात लिहिला. मी पेन टेकवलं. सहा वर्षं डोळ्यांसमोरून गेली. एक सही आणि सगळं मार्गी. मुलीचं काय जाणार होतं? दहा मिनिटांचं नाटक.

तेवढ्यात लेक जवळ आली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "चालेल, आई. मला येत नाही असं दाखवते. मला जमतं ते."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, की रडू नव्हतं. मदत करत होती ती मला. तेव्हा मला माझीच अशी लाज वाटली की कान गरम झाले. मी त्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "उत्तर बरोबर आहे. माझ्या मुलीला भागाकार येतो." त्याखाली पूर्ण सही केली.

तपासनिसांनी ते दोनदा वाचलं. मग रकाना चौऱ्याहत्तरमध्ये आधी पेन्सिलीनं आणि नंतर पेननं लिहिलं, "निरंक." गादी काखेत मारून ते निघाले. मोठ्या बाई फाटकापर्यंत त्यांच्या मागून कडीची आठवण करून देत गेल्या. जाता जाता मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं तुमचं तुम्ही बघा."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. चौतीस मुलं हात वर करून तशीच बसली होती. हात खाली घ्या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझी लेक अजून फळ्यापाशी उभी होती. खडूचे हात झग्याला पुसत तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, मी आता वर्गातच बसू का? की अजून कुणी यायचंय?"