शेवटचा तुकडा, गरम, बसून

"किती जण?"

"एक."

हॉटेलच्या मालकीणबाईने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे फक्त डोंगर होता, पानांनी लालभडक.

"मागून कुणी येतंय?"

"येणारं असतं तर मी भल्या पहाटे ओसाकाहून एकटी कशाला निघाले असते?"

ती हसली नाही. तिने दारावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटी मी आधीच वाचली होती. रानडुकराची हंडी, दोघांपासून पुढे. आमच्या देशात एकट्या माणसाला रेल्वेत जागा मिळते, देवळात मिळते, न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या टाकीत मिळते. हंडीपुढे मिळत नाही. एकट्याने हंडी खाणं म्हणजे एकट्याने लग्नाला उभं राहणं.

"एकटीसाठी उडोन आहे," ती म्हणाली. "गरमागरम शेवया, वर पातीचा कांदा."

"उडोन मी घरी उकळत असते, ताई. मी हंडीसाठी आलेय."

"दोघं लागतात."

"मग दोघांची लावा. मी दोघांची खाते."

तिने माझ्या पोटाचा अंदाज घेतला. "मागच्या थंडीत एक पैलवान असंच म्हणाला होता. उरलं. डुक्कर माझ्या सासऱ्यांनी मारलेलं असतं. ताटात उरलेलं बघितलं की ते आत जाऊन बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत. मग ऐन हंगामात मला त्यांची समजूत घालत बसावं लागतं."

आता मी त्या हंडीसाठी एवढी का अडून बसले ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई खादाड आहे. आहेच. पण मुद्दा तो नाही.

आमच्या घरी थंडी पडली की टेबलाच्या मधोमध शेगडी येते, शेगडीवर हंडी, आणि हंडीभोवती आम्ही चौघं: नवरा शिगेओ, सासूबाई, मुलगा आणि मी. सगळे ओरपून खातात. खाता खाता एक वेळ अशी येते की रश्श्यात एकच तुकडा उरतो. मग नाटक सुरू होतं.

"आई, तू घे."

"नको रे, माझं गळ्याशी आलंय. तूच घे, शिगेओ."

"मी तर केव्हाच आटपलं. पोराला दे."

"मला नकोय. खरंच."

ओसाकात त्या तुकड्याला नावच आहे: भिडेचा गोळा. सगळ्यांच्या डोळ्यांत तो असतो आणि कुणाच्याच जेवायच्या काड्या त्याला शिवत नाहीत. शेवटचा घास उचलणारा म्हणजे हावरट, असं आमच्याकडे दूध सुटायच्या आधी शिकवतात. सभ्यता म्हणे. डोंबलाची सभ्यता! मग शेगडी बंद होते, मंडळी टीव्हीकडे तोंड करून बसतात, मी हंडी उचलून सिंकपाशी नेते आणि थिजलेल्या चरबीसकट तो तुकडा उभ्याउभ्या तोंडात टाकते, कारण अन्न फेकायचं नसतं. लग्न झाल्यापासून हेच. भीड त्यांची, गोळा माझा. आणि तोही गार.

ह्या वर्षी मात्र मी ठरवलं. शेवटचा तुकडा एकदा तरी गरम खायचा आणि बसून खायचा. घरी ते व्हायचं नाही. म्हणून जायचं तर एकटीने जायचं, म्हणजे भीड पडायला समोर कुणी नको.

घरी सांगितलं, ताम्बाच्या डोंगरात लाल पानं बघायला चाललेय.

"तू आणि कोण?" नवऱ्याने विचारलं.

"मी आणि माझे बूट."

त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. भूकंपातसुद्धा ठेवत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "भांडलात का गं दोघं?"

"नाही हो."

"मग आधी भांडून घ्या आणि मग जा. लोकांना कारण काय सांगायचं मी?"

मुलाचा आवाज एकदम मऊ झाला. "आई, डॉक्टर काही म्हणाले का?"

"म्हणाले ना. रानडुक्कर खा म्हणाले."

डबा न करता, कुणाचे मोजे न शोधता घराबाहेर पडले तेव्हा हात इतके मोकळे वाटत होते की स्टेशनवर उगाच पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत होते.

पानं सुंदर होती. नाही कशाला म्हणू? दरी वरपासून खालपर्यंत पेटली होती आणि खाली ओढ्याच्या पाण्यात पुन्हा पेटली होती. पण बघू कोण देतंय? एकटी बाई दिसली की लोकांना ती फोन धरायचा खांब वाटते. "माफ करा हं, आमचा एक फोटो?" एक जोडपं झालं की दुसरं. मग कुणाच्या आत्याबाई, मग शाळकरी मैत्रिणींची टोळी, मग एक कुत्रा, अंगात स्वेटर घातलेला, त्याला मालकिणीबरोबर फोटोत मावायचं होतं. "अजून एक, आडवा." "जरा पानं जास्त येऊ द्या ना, काकू." मी पानं जास्त आणली आणि माणसं गळ्यापाशी कापली. त्यांनी बघून "वा, किती छान!" म्हणत वाकून आभार मानले. आमच्याकडे मुंडकं कापलं तरी आभार मानतात.

तर अशी मी त्या हॉटेलच्या दारात पोहोचले आणि पाटीपाशी अडले. आणि तेवढ्यात मागे कुणीतरी घसा साफ केला.

उंच, सडपातळ म्हातारा. करड्या कोटाच्या खिशात लाल पान खोचलेलं. तोही एकटा.

"मी पुन्हा कधीतरी येईन," तो मालकीणबाईंना म्हणाला. "पाटी बघितली. आपल्याला उगाच त्रास नको."

मालकीणबाईंचे डोळे त्याच्यावरून माझ्यावर आले, माझ्यावरून परत त्याच्यावर गेले. मला समजलं. त्यालाही समजलं. तो वाकला, मीही वाकले, आणि वाकून झाल्यावर नाही म्हणायची सोय उरत नाही.

"एक हंडी, दोघं!" ती आत ओरडली.

त्याचं नाव ओगुरा. क्योतोचा. क्योतोचा म्हटल्यावर मी दाराकडे बघितलं. क्योतोची माणसं "बसा ना, चहा घ्या" म्हणाली की आपण उठून बूट घालायचे असतात. नशीब बघा. भिडेपासून पळून मी डोंगरात आले आणि भिडेच्या राजधानीतला माणूस माझ्या हंडीला भागीदार म्हणून बसला.

ताट आलं. मांसाचे पातळ काप फुलासारखे मांडलेले, लाल पाकळीला पांढरी चरबीची कड. मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, रस्सा रटरटायला लागला. मुळा, अळंबी, टोफू, आणि वरून तिरफळासारखी एक पूड, जिभेला मुंग्या आणणारी.

"आपण आधी," ओगुरा म्हणाला.

"एकदम घेऊ," मी म्हणाले. "गार होईल."

"ओसाकाच्या का आपण?"

"कशावरून?"

"नाही, छान मोकळ्या आहात."

म्हणजे फटकळ. मी ते कौतुक म्हणून घेतलं आणि एक काप तोंडात टाकला. अहाहा! डोंगरात फिरलेल्या, शेंगा-कंद खाल्लेल्या जनावराची चव. दुकानातल्या डुकराला येते थोडीच?

माणूस वाईट नव्हता. जन्मभर किमोनोचं कापड विकलं होतं. "बायकोला विचारलं, पानं बघायला येतेस का?" तो सांगत होता. "ती म्हणाली, आपल्या खिडकीतून दिसतं की एक झाड. म्हणून एकटा आलो."

"आणि एकटे निघालात त्यावर त्या काय म्हणाल्या?"

"डॉक्टर काही म्हणाले का, असं विचारलं."

मी इतकी हसले की रस्सा नाकात गेला. त्यानंतर जेवण रंगलं. तो माझ्या वाडग्यात काप टाकायचा, मी त्याच्या वाडग्यात टाकायचे. फूल पाकळी पाकळीने उतरत गेलं. टोफू संपला, मुळा संपला. मी सावध झाले. हंडीकडे बघितलं.

एक तुकडा. चांगला मोठा, चरबीची कड शाबूत, रश्श्यात वरखाली होत होता.

ओगुराने काड्या खाली ठेवल्या. "घ्या ना आपण."

बोलला! मी ज्यासाठी आले होते तेच समोर हात जोडून उभं होतं. फक्त उचलायचं होतं. आणि माझं तोंड, ज्या तोंडाला आमची आळी भिते, ज्याने घरमालकाला, मासेवाल्याला, मुलाच्या मास्तरला रडवलंय, ते तोंड उघडलं आणि आपोआप म्हणालं:

"छे छे, माझं गळ्याशी आलंय. तुम्हीच घ्या."

सासूबाईंचं वाक्य! त्यांच्या सुरासकट!

"नाही, नाही," ओगुरा म्हणाला. "मी तर मगाशीच थांबलो."

"पुरुषमाणसाला एका तुकड्याचं काय?"

"वयाला झेपत नाही हो."

"मग राहू दे थोडा वेळ."

"हो, राहू दे."

आम्ही दोघं खिडकीबाहेर बघायला लागलो. पानं म्हणे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. पोटात भूक, समोर अन्न, आणि दोन म्हातारी माणसं झाडाचं कौतुक करत बसलेली. "यंदा रंग चांगला धरलाय." "रात्री थंडी पडली ना म्हणून." तुकडा उकळत होता. हात मांडीवर होता, तो वर येईना. कुणी दोरीने बांधलाय असं वाटलं. आणि बांधणारं कोण, तर मीच. घरच्यांना कशाला शिव्या घालायच्या? त्यांना घरी ठेवून आले होते, आणि तरीही आख्खं घर माझ्या घशात बसून जेवत होतं.

मालकीणबाई आल्या. एका हातात भाताचं भांडं, दुसऱ्या हातात फेटलेली अंडी. रश्श्यात भात टाकायची वेळ झाली होती.

"झालं ना?" त्यांनी झारा हंडीत घातला आणि तुकडा अलगद वर काढला. "हा बाजूला काढून ठेवते हं. नंतर कुणीतरी खा."

छोटी पांढरी बशी. गार बशी. तुकडा झाऱ्यात होता, वाफ निघत होती, बशी जवळ येत होती, आणि मला माझं सिंक दिसलं.

मी मालकीणबाईंचं मनगट धरलं.

"आत टाका तो."

"काय?"

"परत आत टाका. माझा आहे तो. मला हवाय!"

आवाज ओसाकाच्या बाजारातला निघाला. शेजारच्या टेबलावरच्या बायका घास हातात धरून थांबल्या. आतून डुकरं मारणारे ते म्हातारे सासरे डोकावले. मालकीणबाईंनी तुकडा हंडीत सोडला, टुपकन आवाज झाला, तेवढाच. मला वाटलं आता जमीन फाटावी.

ओगुरा माझ्याकडे बघत होता.

"हवा होता आपल्याला?"

"हो."

"मग सांगायचं ना! मला वाटलं आपल्याला नकोय."

"तुम्हाला हवा होता का?"

त्याने खिशाचं पान नीट केलं. "होता."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी क्योतोचा," तो म्हणाला, आणि एवढ्यात सगळं आलं.

एवढंच होतं? "मला हवाय", दोन शब्द? ह्या दोन शब्दांसाठी मी आयुष्यभर सिंकपाशी उभी राहिले? मला ओगुराचा राग आला, शिगेओचा आला, सासूबाईंचा आला आणि सगळ्यांत जास्त माझा. ओठांवर आलं होतं, अर्धा अर्धा करू या. अगदी जिभेच्या टोकाला आलं होतं. ते मी गिळलं आणि काड्या हंडीत घातल्या.

"रानडुक्कर जितकं शिजेल तितकं मऊ," दारातून सासरे म्हणाले. "तुम्ही दोघांनी भीड बाळगलीत ना, झकास शिजलाय. खा."

मी बूड नीट टेकवलं. पाठ ताठ केली. तुकड्यावर फुंकर घातली नाही. तसाच उचलला, रस्सा गाळत, वाफेसकट, आणि आख्खा तोंडात टाकला. जीभ भाजली. टाळू भाजला. डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण हातात काड्या होत्या आणि तोंडाला काम होतं. चरबी दाताखाली विरघळली. मी चावत राहिले, घाई कशाची होती?

शेजारच्या टेबलावर खसफस झाली. तिथल्या चौघीजणी त्यांच्या हंडीत बघत होत्या. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी, आत्तापर्यंत "नको गं, नको गं" करणारी, एकदम पुढे वाकली आणि उरलेला तुकडा लंपास केला.

"अहो, काकी!"

"काय काकी? त्या बाईंनी नाही का घेतला?"

ओगुरा पुढे झुकला. भुकेल्या पोराचा चेहरा होता त्याचा, भिडेचा सगळा किमोनो उतरलेला.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी आधी गिळलं, मग ओठ पुसले.

"गरम," मी म्हणाले.