आधी क्षेम, मग बातमी

अपोमी कड्याच्या पायथ्याशी पोचला तेव्हा उन्हं चांगलीच चढली होती. अकरा वर्षं परमुलखात, कोकोच्या बागांत राबून तो घरी परतत होता. वाटेत बांद्यागाराच्या बाजारात एकजण सहज बोलून गेला, "तुमच्या गावात यंदा तीन म्हाताऱ्या गेल्या." नावं काही त्या माणसाला ठाऊक नव्हती. तेव्हापासून अपोमीच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्याची आई याइरे सत्तरीच्या पुढची.

खालच्या वाफ्यात बिनेमाकाका तुंब्याने कांद्याला पाणी घालत होता. अपोमीला पाहून त्याने तुंबा खाली ठेवला आणि रीतीप्रमाणे सुरू झाला.

"आलास?"

"सेवो."

"वाट बरी होती?"

"सेवो."

"तिकडची माणसं? बायको? पोरं?"

"सेवो, सेवो, सेवो."

सेवो म्हणजे क्षेम. भेटीत याखेरीज दुसरं उत्तर नाही. घर जळून राख झालं असलं तरी सेवो. सगळी विचारपूस संपली, की मग खरी बातमी. पण अपोमीला कुठला दम निघायला! त्याने मध्येच विचारलं, "काका, माझी आई आहे ना?"

बिनेमाचा चेहरा कडू काकडी चावल्यासारखा झाला. "परमुलखात जाऊन एवढंच शिकलास? गुरंसुद्धा गोठ्यात रांगेनं शिरतात." आणि त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. "आलास?"

अपोमीने निमूटपणे सगळं पुन्हा सोसलं. मग त्याची पाळी आली. "गाव? पीक? माझ्या घरची माणसं?"

"सेवो," म्हातारा म्हणाला आणि तुंबा उचलून पाठ फिरवली. "बातमी हवी तर वर जा. माझे कांदे सुकतायत."

अपोमी कडा चढू लागला. याच वाटेवर लहानपणी तो आईच्या मागे पाण्याची घागर घेऊन चढायचा. काय दिवस होते ते! ती पुढे गुणगुणत जायची आणि तो तिच्या टाचा बघत पाय टाकायचा.

आणि ती सकाळही आठवली. पहाटेच बाप वारला होता. सपाटीवरून एक पाहुणा बाजरीसाठी आला. त्याने विचारलं, "पोरांचा बाप?" आई म्हणाली, "सेवो." सगळी विचारपूस झाली, तिने त्याला पाणी दिलं आणि मग सांगितलं. नऊ वर्षांचा अपोमी तिच्यावर उखडला होता, "खोटं का बोललीस?"

"खोटं कसलं? इतकं चालून आलाय तो. आधी त्याला टेकू तरी दे. मग ठेवू त्याच्या डोक्यावर ओझं."

तेव्हा त्याला ते पटलं नव्हतं. आज बिनेमाचा सेवो छातीवर धोंड्यासारखा बसला होता.

मातीच्या कोठारांमागे त्यांचं अंगण दिसलं. दाराशी कुणीतरी भुईमूग सोलत बसलं होतं. वाळून काटकी झालेली, पण तीच. अपोमी झपाझप पुढे झाला. त्याच्या पावलांचा आवाज ऐकून तिने मान वर केली.

"आलास का रे बाबा?"

तिने ओळखलं नव्हतं. वाटसरू समजून ती रीत पाळत होती.

"सेवो," तो कसाबसा म्हणाला.

सोलणारी बोटं थांबली. मग तिने पुढे विचारलं, "वाट बरी होती?"

"सेवो."

"बायकापोरं?"

"सेवो."

"आणि आई? आई बरी आहे तुझी?"

तो तिच्या उजव्या हाताला भुईवर बसला.

"मध्येच थांबू नये," ती म्हणाली. "आई बरी आहे?"

"सेवो," तो म्हणाला आणि हुंदका आवरेना.

"मग रडतोस कशाला, अपोमी? चल, आता तुझी पाळी. विचार."

डोळे पुसत त्याने विचारलं, "घर? कोठार? शेळ्या?" तिने एकेक सेवो दिला. मग त्याचं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं आणि रीतीत नसलेला प्रश्न त्याच्या तोंडून निघाला.

"आणि डोळे, आई?"

"सेवो," याइरे म्हणाली. तो उजवीकडे बसला होता, आणि ती हसऱ्या तोंडाने समोरच्या रिकाम्या अंगणाकडे बघत होती.