रविवारची आघाडी

"आपला उमेदवार राष्ट्राध्यक्ष झालाच म्हणून समजा! आपल्या पाहणीत वीस टक्क्यांनी पुढे आहोत. मतदारांना न्यायला ठरवलेल्या तुमच्या मंगळवारच्या गाड्या रद्द करा," आमचा प्रचारप्रमुख ट्रेव्हर म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, तू विचारलंस कुणाला? ज्यांनी आधीच मत टाकलंय, त्यांनाच ना? इथे जॉर्जिया राज्यात मतदान आधीपासूनच सुरू असतं; आपली माणसं रविवारी चर्च सुटलं की बसमधून थेट मत टाकायला जातात. समोरचे बाहेर पडतात मंगळवारी, शेवटच्या दिवशी. ते अजून घरीच आहेत आणि तू नाचतोयस!"

"मिस लव्हर्न, आकडे बघा ना."

"आकडे राहू देत. तू स्वतः मत दिलंस?"

तो हसला. "अजून नाही. आता काय गरज? जिंकलोच आहोत!"

मी गाडीच्या किल्ल्या त्याच्यासमोर आपटल्या. "मंगळवारी पहिल्या गाडीत तूच बसायचंस."