पेशीद्रव्याचं घड्याळ

टकळीने एक डोळा मिटला, दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावला आणि एका हिरव्या दाण्याचा पाठलाग सुरू केला. पाणवनस्पतीच्या पेशीत, भिंतीच्या कडेकडेने, दाणा शाळा सुटल्यासारखा निघाला होता. भिंगातल्या मोजपट्टीच्या पहिल्या रेघेवर तो आला तसं तिने स्टॉपवॉच दाबलं, दहाव्या रेघेवर पुन्हा दाबलं.

नऊ सेकंद.

वहीत आकडा लिहून ती पेनाचं टोक चावत बसली. दुपारचे दाणे नऊ सेकंद घेणारच होते, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण आज सकाळच्यांनीही नऊच घेतले होते. कालच्यांनीही. परवाच्यांनीही. आणि मावशीच्या तीन वर्षांच्या वह्या एकमुखाने सांगत होत्या, की सकाळचे दाणे सातात पोचतात.

शाळेच्या पुस्तकात पेशीद्रव्याच्या वाट्याला दीड ओळ आली होती: पेशीत भरलेला घट्टसर द्रव. मावशीने ती वाचली तेव्हा कुणीतरी तिच्या माहेराला नावं ठेवावीत असा तिचा चेहरा झाला होता.

“केंद्रकाचं कौतुक सगळ्यांना!” ती म्हणाली होती. “आतल्या खोलीत बसून हुकूम सोडायला काय जातंय? जिन्नस पोचवायचे कुणी? कचरा काढायचा कुणी? मोडलेलं सांधायचं कुणी? म्हणे घट्टसर द्रव!”

त्या दिवसापासून टकळीची सुट्टी मावशीच्या प्रयोगशाळेत जात होती. तिथली मावशी घरच्या मावशीपेक्षा वेगळीच होती. घरी दूध उतू घालवणारी ही बाई इथे पानाचा तुकडा असा कापायची, की पेशीला पत्ता लागू नये. नुसतं बघून सांगायची, “ही दुखावलीय, हिला आज नको.” आणि तीन वर्षं, रविवारीसुद्धा येऊन, तिने एक गोष्ट पकडली होती: दाण्यांना वाहून नेणारा आतला हा प्रवाह सकाळी वेगाने वाहतो, दुपारी मंदावतो. बाहेरून कुणी न सांगता. म्हणजे पेशीद्रव्याला स्वतःचं घड्याळ होतं.

त्यावरचा लेख विभागाचे सर आज पाच वाजता संशोधनपत्रिकेला पाठवणार होते. शेवटची मोजणी तिने मुद्दाम भाचीवर सोपवली होती. “माझ्या डोळ्याला उत्तर आधीच माहीत आहे,” ती म्हणाली होती. “डोळा दुसरा हवा.”

आता चार वाजले होते.

“काय गं, मूग गिळलेस का?” मावशीने टेबलावरून मान वर केली. टकळी गप्प असणं ही या खोलीतली बातमीच होती.

“मावशी, माझे आकडे धरूच नकोस. मी नवशिकी. माझा हात हलतो.”

“आण इकडे.”

मावशीने पान एकदा वाचलं. मग पुन्हा, बोट ठेवून.

“काचपट्टी कशी केलीस?”

“तू शिकवलीस तश्शी. तुकडा, पाण्याचा थेंब, वरून पातळ काच, की लगेच भिंगाखाली.”

“लगेच?”

“मग काय! तुझ्यासारखं थोडंच आहे? रोज सकाळी सर दाराशी येऊन ‘काय म्हणतायत तुमचे दाणे’ म्हणून दहा मिनिटं खातात, आणि तू ती पट्टी तळहातावर घेऊन, वरून दुसरा हात झाकून उभी. माझ्याशी बोलायला कोण येतंय?”

तिने गंमत म्हणून सांगितलं होतं. मावशी हसली नाही. तिने आपले दोन्ही तळवे उघडले आणि कुणा परक्याचे असावेत तसे पाहिले. खोलीचं तापमान यंत्राने काट्यावर एकसारखं धरलेलं होतं. हातांचं कुणी धरलं नव्हतं.

तिने दोन काचपट्ट्या केल्या. एक टेबलावर ठेवली, दुसरी हातात धरली. टकळीने स्टॉपवॉचवर दहा मिनिटं मोजली. टेबलावरच्या पट्टीतल्या दाण्याने नऊ सेकंद घेतले. हातातल्या पट्टीतल्याने सात.

“पण मावशी,” टकळी घाईघाईने म्हणाली, “हे कुणाला कळणार आहे? लेखात कुठे लिहिलंय की तू हातात धरतेस म्हणून?”

“नाही ना लिहिलेलं. तेच तर.”

तिने फोन उचलला.

“सर, लेख पाठवू नका... हो, आत्ताच कळलं... नाही नाही, पोरीचे आकडे चोख आहेत. माझे चुकले. घड्याळ पेशीचं नव्हतंच, सर. आपलं होतं, सकाळच्या गप्पांचं.” मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. “हो, पुढच्या तीन वर्षांच्या निधीचं काय ते नंतर बघू. पण हे जाणार नाही.”

मावशीच्या जागी टकळी असती तर तिने वही फाडली असती, निदान दार तरी आपटलं असतं. मावशीने फोन जागेवर ठेवला, पदराने डोळे टिपले आणि आवराआवर करायला सूक्ष्मदर्शकापाशी गेली. भिंगाखालची काचपट्टी काढण्याआधी सवयीने एकदा आत डोकावली.

हात तिथेच थांबला.

“ही हातातून ठेवून किती वेळ झाला?”

“पंधरा मिनिटं. का गं?”

मावशीने काचेच्या कडेला बोट लावून पाहिलं. “गार आहे. केव्हाच गार झालीय.”

“मग?”

“मग हे दाणे अजून कशाला पळतायत?”

टकळी धडपडत उठली. “म्हणजे? मावशी, म्हणजे काय?”

“बहुतेक काही नाही,” मावशी म्हणाली. पण तिने स्टूल पुढे ओढलं, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि डोळा न हलवता हात पसरला. टकळीने त्यावर स्टॉपवॉच ठेवलं.

“सात,” मावशी म्हणाली. “लिही.”